बिबट्यासाठी घेतलेला कॅमेरा

२ मार्च, रविवार

कॅमेरा घेतला. मिररलेस. म्हणजे आत आरसा नसलेला. जुन्या कॅमेऱ्यांत फोटो काढताना आतला आरसा खटकन उडायचा, त्याचा आवाज व्हायचा. ह्यात ती भानगडच नाही. दुकानदार दोनदा ‘एन्ट्री लेव्हल’ म्हणाला, ते आवडलं नाही. पण सुरुवात कुठून तरी करावीच लागते.

कॅमेरा का घेतला ते लिहून ठेवतो. पुढे मुलाखतीत विचारतात. सगुणाताईचा कुत्रा, टिपू, बिबट्याने नेला. दिवेलागणीला, अंगणातून. ताई लांज्याकडच्या गावात एकटी राहते. भावोजी मुंबईला वॉचमन, मुलगाही तिकडेच. घरासमोर गोठा, गोठ्यामागे दगडांचा गडगा, पलीकडे काजूची बाग आणि मग रान. फोनवर ताईचा आवाज वेगळाच येत होता. थोडे दिवस येऊन राहा म्हणाली. मी तिचा एकुलता भाऊ. रत्नागिरीहून स्कूटरने काही फार लांब नाही.

मी विचार केला. नुसतं जाऊन राहायचं म्हणजे वरवरची मलमपट्टी झाली. त्यापेक्षा बिबट्याचा स्पष्ट फोटो काढायचा, वनखात्याला पुरावा द्यायचा, पिंजरा लावून घ्यायचा. ताई कायमची निर्धास्त. तिला हे सगळं नीट समजावलं. तर म्हणाली, तुजा फोटु राहू दे, तू येतोस की नाय ता सांग. प्लॅन अजून तिच्या लक्षात आलेला नाही.

दर्शना (बायको) म्हणाली, तुम्ही पालीला घाबरता. मी म्हटलं, पालीची गोष्ट वेगळी. पाल अंगावर पडते.

संकल्प: येत्या शनिवारी ताईकडे मुक्काम.

५ मार्च

सायलेंट शटर जमलं. मेनूत जाऊन ऑन केलं. आता फोटो काढला तरी कुणाला कळत नाही. मलाही कळत नाही. दर्शनाच्या कोपराचे खूप फोटो निघालेत, ते नंतर सापडले.

मग स्क्रीन. तो बाजूला उघडतो आणि हवा तसा फिरतो. म्हणजे आपण भिंतीमागे खाली बसायचं, कॅमेरा तेवढा हाताने वर धरायचा आणि खालूनच स्क्रीनवर बघायचं. ही सोय ज्याने केली तो माणूस नक्की रानात जाऊन आलेला असणार. आणि परत आलेला असणार.

मिरजोळ्याला कंपनीत सगळ्यांना सांगून टाकलं. आमच्या स्टोअरमध्ये आज दुसरा विषय नव्हता. बिबट्याच्या फोटोची एक मोठी प्रिंट साहेबांच्या केबिनमध्ये लावायचं ठरलंय. भिंतसुद्धा ठरली.

७ मार्च

लेन्स. कॅमेऱ्याबरोबर दोन आल्यात, एक जवळची, एक लांबची. जवळची लेन्स लावून बिबट्या मोठा दिसायला हवा असेल तर आपल्याला त्याच्या नाकाशी जाऊन उभं राहावं लागेल. तेव्हा लांबची लावणं भाग आहे.

पण लांबची लावायची तर आधी जवळची काढायची. ती काढली की आतला सेन्सर उघडा पडतो. मध्ये आरसासुद्धा नाही, थेट उघडा. यूट्यूबवरचा माणूस म्हणाला की सेन्सरवर धुळीचा एक कण बसला तर पुढच्या प्रत्येक फोटोत डाग. मग आपल्याकडची लाल माती, दमट हवा, मिरकरवाड्याकडून येणारा खारा वारा, ह्यांचं काय? पंखा बंद केला. खिडक्या लावल्या. दर्शनाला श्वास जरा हळू घ्यायला सांगितलं. ती खोलीतून निघून गेली. कॅमेरा पालथा धरून बटण दाबलं, लेन्स किंचित फिरवली. टक् असा आवाज झाला. ताबडतोब परत फिरवून घट्ट केली.

निर्णय: जवळच्या लेन्सवरच प्रभुत्व मिळवायचं. भले भले फोटोग्राफर एका लेन्सवर आयुष्य काढतात.

८ मार्च, शनिवार

ताईकडे जाता आलं नाही. बॅटरी पूर्ण चार्ज झाली की दिवा विझतो, तो कधी विझतो हे बघत बसावं लागलं. विझेपर्यंत उन्हं कलली. संध्याकाळी त्या रस्त्याला स्कूटर घालायची नाही. धक्क्यांनी कॅमेऱ्याचं नुकसान होतं.

ताईला फोन केला. बरं म्हणाली. नुसतं बरं.

११ मार्च

ह्या कॅमेऱ्यात कमाल आहे. त्याला जनावराचा डोळा ओळखता येतो. सेटिंगमध्ये माणूस की प्राणी ते सांगायचं. मग स्क्रीनवर एक हिरवा चौकोन येतो आणि डोळ्यावर जाऊन बसतो. शेजारच्यांच्या मांजरीवर करून बघितलं. मांजर गॅलरीभर फिरली, चौकोन तिच्या डोळ्याबरोबर फिरला. फोटो असा आला की मांजरीच्या बुबुळात आमची बिल्डिंग दिसते.

जेवताना एक गोष्ट डोक्यात आली आणि हातातला घास परत ताटात ठेवला. डोळा सापडायला जनावराने कॅमेऱ्याकडे बघायला हवं. आणि ते कॅमेऱ्याकडे बघत असतं तेव्हा कॅमेऱ्यामागे कोण असतं? मॅन्युअल पुन्हा वाचलं. ह्याबद्दल एक अक्षर नाही.

१२ मार्च

वाईट बातमी. जिन्याखालच्या अंधारात सराव करत होतो. शटर अर्धवट दाबलं, तर कॅमेऱ्याने आपणहून नारिंगी दिवा लावला. अंधारात फोकस मिळावा म्हणून तो लागतोच म्हणे. शिवाय फोकस झाल्यावर ‘टीं टीं’ वाजला! म्हणजे मी सायलेंट शटर लावून श्वास रोखून बसायचं, आणि कॅमेरा दिवा लावून, शिट्टी वाजवून सांगणार की हा बघा इथे बसलाय.

दोन्ही बंद करायची जागा मेनूत शोधतो आहे. एका पानात दुसरं पान, त्यात तिसरं. चुकून भाषा जपानी झाली होती.

फोटो सगळे हललेले. हात स्थिर ठेवणारं स्टॅबिलायझेशन महागड्या बॉडीत असतं, ह्यात नाही. माझे हात तसे स्थिरच आहेत. चहा कमी करतो.

१६ मार्च, रविवार

शिमग्याची पालखी आज ताईच्या घरी येणार होती म्हणून दर्शना आणि मी जाऊन आलो. दिवसाउजेडी, चारचौघांत. भावोजींना रजा मिळाली नाही.

पालखी अंगणात नाचली, ताईने ओटी भरली. मग मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं. लेकराबाळांना सुखी ठेव, चाकरमान्यांना सांभाळ, आणि ह्या वाघराचा काय तो बंदोबस्त कर रे म्हाराजा. सगळे एवढ्या मोठ्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले की मी दचकलो. त्या क्षणाचा फोटो आहे. त्यात समोरच्या माणसाचं मानगूट अतिशय शार्प आलंय.

गर्दी गेल्यावर ताईने बाग दाखवली. गडग्याच्या अलीकडूनच. काजूची बोंडं झाडाखाली कुजून पडलीत, आंबूस वास सुटलाय. भीतीने बायका बिया गोळा करायला जात नाहीत, ताईही जात नाही. पाडवा झाला की घर बंद करून मुंबईला मुलाच्या खोलीत जाणार म्हणाली. गाय मामेसासऱ्यांकडे पाठवायची. तिला झोप लागत नाही. गाय जरा हलली तरी कोयती हातात घेऊन बसून राहते. आपलं घर सोडायचं तिच्या अगदी जिवावर आलंय, हे मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं. मला रडायला आलं. कॅमेऱ्याच्या बॅगेत काहीतरी शोधतोय असं दाखवलं.

राहतोस का, असं तिने विचारलं. अगदी हळू. मी म्हटलं, उद्या स्टॉक चेकिंग आहे.

उजेड असतानाच निघालो. दर्शना घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. पाली गावापर्यंत तिचं हेल्मेट अडकत होतं म्हणून असेल.

संकल्प: पाडव्याला जोडून सुट्टी आहे, तेव्हा जायचंच. गळ्याशपथ.

२० मार्च

आज कॅमेऱ्याला हात लावला नाही. डोळ्यांना विश्रांती.

२३ मार्च

सुटलं! सगळं सुटलं! कॅमेऱ्यात वाय-फाय आहे. फोनमध्ये ॲप टाकलं की कॅमेऱ्याला दिसतं ते फोनवर दिसतं, आणि फोनवरचं पांढरं गोल बटण दाबलं की तिकडे फोटो निघतो. म्हणजे कॅमेरा बाहेर आणि फोटोग्राफर घरात, दाराला कडी घालून. इतके दिवस उगाच कोंडी झाली होती. धोका कॅमेऱ्याने पत्करायचा, कला आपण सांभाळायची.

टेस्टिंग: कॅमेरा हॉलमध्ये, मी स्वयंपाकघरात. उत्तम. मी बाथरूममध्ये कडी लावून, तरीही उत्तम. मी खाली पार्किंगमध्ये, बंद.

ताईला फोन करून सांगितलं, शनिवारी येतोय, आता बिबट्याचं काही खरं नाही. येशील ना नक्की, म्हणाली. तीनदा विचारलं.

२७ मार्च

रंगीत तालीम. सुट्टी झाल्यावर कंपनीमागच्या कातळावर कॅमेरा ठेवला आणि फोन घेऊन लांब उभा राहिलो. सब्जेक्ट: भटका कुत्रा. चौकोन त्याच्या डोळ्यावर लगेच बसला. कुत्र्याने आधी कॅमेऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पोझिशन बदलली. लोक ह्याला पळणं म्हणतात. चप्पल तिथेच राहिली, पण तिचा अंगठा आधीच तुटायला आला होता.

परत गेलो तेव्हा कुत्र्याने कॅमेऱ्याशेजारी पाय वर केलेला होता. ह्या मॉडेलला वेदर सीलिंग, म्हणजे पाण्यापासून संरक्षण, नाही. रुमालाने पुसला.

२९ मार्च, शनिवार, दुपार

ताईकडे पोचलो. ती वाटेवर येऊन उभी होती. मला बघून तिने पदराने तोंड पुसलं. बांगड्याचं तिखलं केलं होतं, भात तीनदा वाढला.

ट्रायपॉड अंगणाच्या कडेला लावला. समोर गोठा, त्याला लाकडी गजांचं दार, आत गाय. गोठ्यात बल्ब आहे. मागे गडगा. फ्रेम सुंदर आहे. नारिंगी दिवा बंद केलाय. ‘टीं टीं’ सापडला नाही.

त्याच दिवशी, दिवेलागणी

मी माजघरात. पुढचं दार बंद. मागचं दार बंद. खिडक्या बंद. फोन हातात. चौकोन गाईच्या डोळ्यावर आहे. गाईचे भराभर फोटो काढून बघितले. सगळे झकास. सर्व काही कंट्रोलमध्ये आहे.

ताई पाट घेऊन शेजारी बसली आहे. विचारतेय की हे हिरवं काय. मी टेक्निकल भाषेत समजावतो आहे.

३० मार्च, पाडवा, सकाळ

शांतपणे, क्रमाने लिहितो.

काल लिहून वही बाजूला ठेवली आणि फोनकडे बघितलं, तर चौकोन गाईवर नव्हता. तो गडग्यावर गेला होता. तिथे काहीच दिसत नव्हतं. नुसता काळोख. मला वाटलं कॅमेरा चुकला, एन्ट्री लेव्हल आहे. पण चौकोन तिथून हलेना. मग हलला. सावकाश. गडग्यावरून डावीकडे सरकत गेला, थांबला, आणि खाली उतरला. अंगणात. मला अजूनही काही दिसत नव्हतं, पण कॅमेऱ्याला डोळा दिसत होता. बाहेरून ‘टीं टीं’ असा आवाज आला.

पांढरं बटण अंगठ्याखालीच होतं. फक्त टेकवायचं होतं.

चौकोन मोठा होत गेला. मग स्क्रीन काळा झाला आणि खाली लिहून आलं, कनेक्शन लॉस्ट.

ताईने विचारलं, काय झालं रे निलेश. मी म्हटलं, बॅटरी गेली. का तसं म्हटलं कोण जाणे. दुसरं तोंडातून काही येईना. तर ती म्हणाली, येवडी म्हागाची वस्तू बाहेर कशाला, मी आणते. आणि टॉर्च घेऊन उठली. दाराची कडी तिने काढली. मला ओरडायचं होतं. घशातून वाराच येत होता. मी बसल्या बसल्या पुढे सरकून तिचा पदर दोन्ही हातांनी धरला आणि सोडला नाही. ती म्हणाली, सोड रे. मी मान हलवली. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग काही न विचारता कडी परत लावली, वर लाकडी आडणा घातला, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

थोडक्यात, प्रसंगावधान राखून मी ताईला थांबवलं.

नंतर ताईने पितळेची परात वाजवली, शेजारच्या घरांतूनही डबे वाजले. गाय सुखरूप. मी माझं अंथरूण ताईच्या खाटेला लागून घातलं, तिला आधार वाटावा म्हणून. दिवाही तिच्यासाठीच चालू ठेवला. तिचा हात हातात घेतला होता. हाताला घाम होता. कुणाच्या, ते सांगता येत नाही.

आज उजाडल्यावर बघितलं, तर ट्रायपॉड आडवा. कॅमेऱ्याचा फिरणारा स्क्रीन निखळलाय. आणि सभोवार सारवलेल्या अंगणात ठसे. माझ्या तळहाताएवढे. मी खुर्चीवर बसून घेतलं.

वनरक्षक आले. ताईने फोन केला होता. त्यांनी ठशांशेजारी पेन ठेवलं आणि मोबाइलने फोटो काढले. झालं. पिंजऱ्याची परवानगी आजच मागतो म्हणाले. मी विचारलं, फोटो नसताना चालेल? ते म्हणाले, नुसता फोन केला असतात तरी आलो असतो, फोटो हवाच असं कुणी सांगितलं तुम्हाला? मी त्यांना गाईचे फोटो दाखवले. डोळा छान आलाय म्हणाले.

जाताना ताईला सूचना दिल्या. घरात एकट्याने राहू नका. अंधार पडला की दिवा चालू ठेवा. बाहेर पडताना बोलत, आवाज करत जा. जनावर आवाजाला टाळतं.

मेनूत जाऊन सायलेंट शटर ऑफ केलं. पण स्क्रीनच निखळलाय, त्यामुळे झालं का ते कळत नाही.

ताईने उशिरा का होईना, गुढी उभारली.

१ एप्रिल

रजा वाढवली. साहेबांना फोनवर सांगितलं, मोहीम निर्णायक टप्प्यावर आहे. त्यांनी भिंतीवर कॅलेंडर लावून टाकलंय.

दर्शनाला शनिवार रात्रीपासूनचं सगळं सांगायला फोन केला. पदराचं सांगितलं नव्हतं, पण तिला माहीत होतं. ताईने आधीच फोन केला होता. मला वाटलं हसेल. हसली नाही. राहा तिकडेच थोडे दिवस, म्हणाली. आवाज बरा होता.

५ एप्रिल, शनिवार, संध्याकाळ

पिंजरा लागलाय. बिबट्या अजून आत गेलेला नाही. कॅमेरा ताईच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली आहे, दमट हवेपासून सुरक्षित.

परिस्थितीत मात्र स्पष्ट सुधारणा आहे. ताई आता पडल्या पडल्या झोपते. घोरते. परवापासून वाडीतल्या बायकांना जमवून बागेत जाते, मोठमोठ्याने बोलत, बिया गोळा करतात. मीही संरक्षणासाठी बरोबर असतो. बायका पुढे, बायका मागे, मी मध्ये, म्हणजे दोन्हीकडे लक्ष राहतं. मुंबईला जायचं तिने रद्द केलं. गाय गोठ्यातच राहणार. एका माणसाच्या नुसत्या असण्याने केवढा फरक पडतो, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

आत्ता मघाशी भावोजींचा फोन आला होता. ताई पडवीत बोलत होती, मी आत ऐकत होतो. भावोजींनी विचारलं असणार, भीती गेली का. ती म्हणाली, तर काय! आता कदी भिऊ? निलेशलाच संबाळायला लागतंय. आपल्यापेक्षा जास्ती भिणारं माणूस घरात असलं ना, का आपल्याला भ्यायला सवडच होत नाय. मग म्हणाली, पण आला हो. भीत भीत का व्हयना, आला.

मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.

मग तिने हाक मारली. मागच्या दारी संडासला जायचं असलं तर आत्ताच चल, काळोख पडतोय, मी कोयती नि परात घेते.

गेलो.